उजव्या पायाचं वजन

मंगळवार पेठ, कोल्हापूर
६ जानेवारी २०२५

गौसचाचा,

सयाजीचा नमस्कार. तुम्ही कुरुंदवाडला शबनूरताईकडे राहायला गेलात त्याला तीन वर्षं होतील, पण गॅरेजवरून जाताना मान अजून आत वळते. तुमच्या पुतण्यानं, मुनव्वरनं, सगळं जागच्या जागी ठेवलंय. तुमच्या स्टुलावर तो स्वतः बसत नाही, गिऱ्हाइकालाही बसू देत नाही. फोन केला असता, पण तुम्हाला आता फोनवरचं ऐकू येत नाही आणि शबनूरताईला मध्ये घालून ब्रेकबद्दल बोलायचं म्हणजे भलतंच काहीतरी पोचायचं. म्हणून पत्र.

आबांची डॉज चौदा वर्षांनी सुरू झाली. ज्या पार्टावाचून ती अडली होती त्याच्या जागी, मी पूर्वी पुण्याहून आणलेल्यांतलाच एक मुनव्वरनं घासून बसवला. आबा असते तर बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले असते. तुम्हीही आवाज ऐकायच्या ऐवजी हातच ठेवला असता.

आता अडलंय ब्रेकवर. मूळचा ब्रेक साधा आहे, पाय जेवढा जोर लावेल तेवढीच गाडी थांबणार. मुनव्वर म्हणतो बूस्टर टाकू. इंजिनच्या ओढीवर चालणारा डबा, पाय नुसता टेकवला की काम झालं. "काका, साध्या ब्रेकवर आता कोण चालवतंय? पाय काय तालमीत घालायचाय?" असं विचारतो.

आईनं यंदा जोतिबाचे पाचही खेटे बोललेत. तीस वर्षं तिनं पाच-पाच रविवार चालत डोंगर गाठला, आता गुडघे साथ देत नाहीत. मी तिला शब्द दिलाय, आबांच्या गाडीतून नेतो, मी स्वतः चालवत. पहिला खेटा सोळा फेब्रुवारीला. त्या दिवशी घाटाचा रस्ता अनवाणी माणसांनी भरलेला असतो, तुम्हाला माहीत आहे. तेव्हा साधा की बूस्टर, तुम्ही ठरवा. माझा कल बूस्टरकडे आहे. आईला हिसका बसू नये, एवढंच कारण.

सयाजी


कुरुंदवाड
११ जानेवारी

सयाजी,

पत्र मिळालं. शबनूर मोठ्यानं वाचून दाखवायला लागली. म्हटलं, बाई, मला दिसतंय, ऐकू येत न्हाय. तेव्हा कुठं कागद हातात दिला.

बूस्टर नको. बूस्टर इंजिन चालू असंपर्यंत तुझा. इंजिन बंद झालं की दोन दाबात त्याचा दम संपतो आणि मग पेडल दगडागत. आणि तू कोण? पन्हाळ्यावरनं उतरताना चावी बंद करून गाडी तशीच सोडणारा, आणि खाली आल्यावर पेट्रोल वाचलं म्हणून चहा पाजणारा. तुझ्या आबाची पण तीच खोड. अख्ख्या पेठंची तीच खोड. बूस्टर लावून चावी बंद करशील आणि पहिल्याच वळणावर देवाला हाक मारशील.

साध्या ब्रेकला इंजिन लागत न्हाय, पाय लागतो. म्हणून मी ब्रेक बसवायच्या आधी माणसाचा पाय मोजतो, तुला ठावं हाय. घरातला वजनकाटा भिंतीला उभा टेकव. समोर खुर्ची, खुर्चीची पाठ पलंगाला. उजव्या पायानं काटा दाब, समोर कोण आडवं आलंय असं समजून. तीनदा. तिन्ही आकडे लिही, चांगला दिसंल तेवढाच नको. आणि त्याच पायाची आखणी कागदावर काढून पाठव, चप्पल करायला देतोस तशी. पेडलचं रबर मी टायरचं कापून पाठवतो. बाजारातलं गुळगुळीत असतंय.

तानाबाई वहिनीला माझा सलाम सांग. पाच खेटे म्हणजे तिनं काय मागितलंय कुणाला म्हाईत. मला बी विचारून कळव.

गौस


मंगळवार पेठ
१७ जानेवारी

गौसचाचा,

आईला विचारलं. "देवाचं नि माझं बोलणं पोस्टानं पाठवायचं न्हाय," म्हणाली. तिळगूळ तेवढा मुनव्वरबरोबर पाठवला आहे.

आकडे असे आले: ४३, ४४, ४४. आखणी सोबत आहे.

चावी बंद करायची सवय मी सोडीन, शब्द देतो. पण मग बूस्टर बसवला तर बिघडलं कुठं? दोन दिवसांचं काम आहे. दूध संस्थेच्या कचेरीतून सुटलो की माझी रोज गॅरेजात एक चक्कर होते. कचेरीत लिहिताना टेबलाखाली पाय हलत राहतो. सकाळी देवापुढं बसलो तरी डोळ्यांसमोर पेडल येतं. एकदाचं ठरलं म्हणजे बरं. तुम्ही हो म्हणालात तर मुनव्वर उद्या सामान आणतो.

सयाजी


कुरुंदवाड
२२ जानेवारी

सयाजी,

चव्वेचाळीस किलोचा पाय घेऊन बूस्टर मागतोस म्हणजे ही हौस झाली. लग्नाच्या वरातीला भाड्यानं देतात त्या गाड्या बघून आलायस वाटतं. त्यास्नी काय, आठ किलोमीटर चालवायची आणि फुलं काढायची.

मुनव्वरला साधाच ब्रेक बसवायला कळवलंय. रबर पाठवतोय, नीट चिकटवून घे.

एक सांगतो. माझे कान गेले तेव्हा मला वाटलं आता धंदा संपला. मग कळलं, मी गाडीचं निम्मं कानानं ऐकतच नव्हतो. तळव्यानं ऐकत होतो. चाकातला ड्रम घासतोय, ब्रेकचा लायनर ओला हाय, चाक एका अंगाला ओढतंय, सगळं पेडलमधनं पायाला कळतंय. बूस्टर मधी आला की ते निम्मं बोलणं तिथंच अडतं. देवानं चांगला पाय दिलाय तुला, त्याला ऐकू दे.

गौस


मंगळवार पेठ
३ फेब्रुवारी

गौसचाचा,

काल गाडी बाहेर काढली. कळंब्याच्या तलावाकडं नेऊन आणली. येताना म्हैस आडवी आली, ब्रेक वेळेवर लागला नाही, गाडी खांबाला घासली. डावा मडगार्ड आत गेला. म्हैस ठीक आहे. मी एकटाच होतो.

ब्रेकमध्ये दोष आहे. मुनव्वरनं लायनर नीट बसवले नसतील किंवा ब्रेकच्या तेलाच्या नळीत हवा राहिली असेल. मी त्याला गिऱ्हाइकांसमोर बोललो. तो खाली मान घालून पाना पुसत राहिला, त्यामुळं अजून बोललो.

मी पहिल्यापासून बूस्टर म्हणत होतो. आता तेरा दिवस उरलेत.

सयाजी


कुरुंदवाड
७ फेब्रुवारी

सयाजी,

तुझ्या पत्राबरोबर मुनव्वरचं पण पत्र आलं. त्यानं तुझी तक्रार केली न्हाय. एवढंच लिहिलंय की चारी चाकं खोलून बघितली, हवा काढली, मग गाडी दसरा चौकापर्यंत तीनदा नेली आणि तिन्ही वेळा जिथल्या तिथं उभी राहिली. खाली एक ओळ हाय. "चाचा, माझं काय चुकलं ते सांगा."

त्याचं काय चुकलं ते बघायला मी तुझी आखणी परत काढली. म्हटलं रबर तर छोटं कापलं न्हाय ना. आणि मग मी बराच वेळ तो कागद घेऊन बसलो.

तू अठरा वर्षांचा असताना माझ्या गॅरेजात तुझ्या उजव्या पायावर जॅक पडला. मीच तुला सायकलवर घालून डॉक्टरकडं नेलतं. अंगठा वाकडा बसला, शेजारच्या बोटावर चढलेला, तो आजबी तसाच असणार. कागदावरचा अंगठा सरळ हाय. तू डावा पाय आखलास आणि कागद उलटा करून परत गिरवलास. आकडे बी डाव्याचेच.

तू मला फसवलंस ह्याचा राग न्हाय. राग माझाच मला आलाय, कारण ह्या धंद्यात हे मी एकदा केलंय.

तुझ्या आबाची गाडी चौदा वर्षं का उभी होती? पार्ट मिळत नव्हता म्हणून. कुणी सांगितलं? मी. पार्ट माझ्या पत्र्याच्या पेटीत होता, सयाजी. पहिल्या दिवसापासनं. तुझ्या आबाला, हंबीररावला, समोरचं एकाचं दोन दिसायला लागलं होतं. जोतिबाच्या घाटात त्यानं एका बाईला वाचवलं आणि दुसरीला, जी नव्हतीच, तिला वाचवायला गाडी कठड्याला नेली. मग माझ्याकडं आला आणि म्हणाला, "गौस, मला न्हाय म्हणायला लावू नको. गाडीलाच न्हाय म्हणू दे."

तू पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारातनं दोन वर्षं पार्ट शोधून आणत होतास. हंबीरराव ते हातात घेऊन म्हणायचा, हे नव्हं. मी शेजारी उभा असायचो. मला वाटायचं मी दोस्ताची अब्रू राखली. पण शेवटची आठ वर्षं तो त्या गाडीत नुसता बसला बी न्हाय. मागं बसून कुठं गेला असता, तेबी न्हाय. गाडी बिघडलेली म्हटल्यावर बसणार कुठं?

आता तुला विचारतो. उजव्या पायाला काय झालंय ते मला लिही. आणि घरात सांगायचं नसंल तर तेबी लिही. मी मुनव्वरला कळवतो, ब्रेकचा पार्ट मिळत न्हाय. पेटी अजून माझ्याजवळच हाय. तुझ्या बापासाठी केलं ते तुझ्यासाठी न्हाय म्हणायला मला जमणार न्हाय. पण मला ते करायला लावू नको.

गौस


मंगळवार पेठ
१० फेब्रुवारी

गौसचाचा,

दिवाळीच्या आधीची गोष्ट. अंबाबाईचं दर्शन घेऊन महाद्वार रोडनं घरी आलो. दारात बघतो तर डाव्या पायात चप्पल आणि उजवा मोकळा. कुठं निसटली, कळलंच नव्हतं. तसाच मागं गेलो. एका पानपट्टीपुढं पडली होती. पानपट्टीवाला म्हणाला, "पावणं, एक दिलीया, दुसरी बी देताय काय?" मी हसलो. घरी येऊन तळव्याला सुई टोचून बघितली. रक्त आलं, दुसरं काही आलं नाही.

डॉक्टर म्हणाले साखरेनं नसा गेल्या. अनवाणी चालू नका, म्हणाले. गाडीचं मी त्यांना विचारलं नाही, कारण ते उत्तर देतील.

उजव्या पायाचे खरे आकडे १४, ३९, २२. चाचा, तिन्ही वेळा मी सारखंच दाबलं होतं. जोर कमी आहे असं नाही. किती लावला तेच मला कळत नाही. म्हणून बूस्टर मागत होतो. वाटलं, पायाला कळत नाही तर मशीनला कळेल. पण हलक्या पेडलवर हाच पाय कधी नुसता टेकेल आणि कधी आईला पुढच्या काचेवर फेकेल. साधा ब्रेक असो की बूस्टर, दोन्हीकडं पाय माझाच. हे मला पहिल्या पत्रापासून माहीत होतं. तुम्ही तळव्यानं ऐकायचं लिहिलंत ते पत्र मी पुरतं वाचू शकलो नाही.

मुनव्वरची माफी मागितली. कारण सांगितलं नाही.

आबांबद्दल काय लिहू? मी त्यांच्यासमोर पार्ट आपटला होता एकदा. "तुम्हाला गाडी सुरूच करायची नाही," म्हणालो होतो.

हे सगळं कळूनही लिहितो ते ऐका. मुनव्वरला कळवा, पार्ट मिळत नाही. मी एकोणपन्नास वर्षांचा आहे. आबांची गाडी सुरू केली, आणि आता आईला सांगू की मला ती चालवता येत नाही? पहिल्या रविवारी तिला वर्षाराणीच्या ओम्नीतून नेऊ. माझी बायको रोज तीच चालवते, मटणाचे डबे पोचवायला. पुढचं पुढं बघू.

सयाजी


कुरुंदवाड
१३ फेब्रुवारी

सयाजी,

कळवलं.

गौस


मंगळवार पेठ
१७ फेब्रुवारी

गौसचाचा,

काल पहिला खेटा झाला. कसा झाला ते तुम्हाला कळायला हवं.

शनिवारी आईला सांगितलं, पार्ट मिळाला नाही, ओम्नीतून जाऊ. तिनं माझ्याकडं बघितलं, ओम्नीकडं बघितलं. "मटणाच्या गाडीतनं देवाला जाऊ?" म्हणाली. वर्षाराणीनं गाडी दोनदा धुतली, आत उदबत्ती लावली. आई म्हणाली, आता मटणाला उदबत्तीचा वास येतोय.

पहाटे उठलो तर तिचं अंथरूण रिकामं. चालत निघाली होती. मी स्कूटरनं शोधत गेलो. शिवाजी पुलावर कठड्याला टेकून बसली होती, काठी आडवी, दोन्ही हात गुडघ्यांवर. खेटेकरी चांगभलं म्हणत तिच्यापुढून चालले होते. तिला उठता येत नव्हतं आणि कुणाला उठवही म्हणत नव्हती.

मला बघून म्हणाली, "आलास? मला वाटलं पार्ट आणायला पुण्याला गेलास."

"आई, गाडी तयार हाय."

"मग?"

"मी तयार न्हाय."

पुलावर बसून तिला सगळं सांगितलं. चप्पल, सुई, काटा, म्हैस. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणि हे तू मला कधी सांगणार होतास? घाटात?"

मग आबांचंही सांगितलं. तुमची परवानगी न घेता सांगितलं, मला लपवणं जमलं नाही.  ती म्हणाली, "एवढ्याशा पार्टासाठी काय रडता, असं मी त्यास्नी रोज म्हणायची." आणि पदर तोंडाला लावला. मी नदीकडं बघत बसलो.

पुढं रिक्षानं डोंगर गाठला.

घरी आल्यावर वर्षाराणीला सांगितलं. "दिवाळीपासनं तुम्ही माझी ओम्नी मागितली नाही. मला वाटलं माझ्यावर रुसलाय," म्हणाली. नंतर म्हणाली, "डॉज मला चालवता येईल का?" मी तिला काट्यासमोर बसवलं. २७, २८, २७. आखणी सोबत आहे. उजव्याच पायाची आहे. विश्वास नसेल तर मुनव्वरला विचारा, तो शेजारी उभा होता.

पार्ट मिळाला म्हणून कळवा.

सयाजी


कुरुंदवाड
२१ फेब्रुवारी

सयाजी,

सत्तावीस-अठ्ठावीसच्या पायाला ही दांडगी गाडी घाटात साध्या ब्रेकवर नको. बूस्टर घाल. मी बूस्टरला शिव्या दिल्या त्या त्याला नव्हत्या, चावी बंद करणाऱ्याला होत्या. सूनबाईचे तीन आकडे बघ, एका माणसाचे वाटतात. असल्या पायाला बूस्टर फसवत न्हाय.

तिला सांग, वरनं निघालं की दुसऱ्या गिअरात यायचं, इंजिन खालपर्यंत चालू. मागनं कुणी पेट्रोलची रड लावली तर ऐकायची न्हाय. आधी पेठेतल्या पेठेत दोन दिवस चालवू दे, मुनव्वरला शेजारी बसवून. तुला नको. तू बोलशील.

रबर नवीन कापलंय. पोस्टानं पाठवत न्हाय, स्वतः घेऊन येतो. वहिनीपुढं एकदा उभं राहायचंय. रमझान लागायच्या आत येतो, उपाशी पोटानं तिच्या शिव्या सोसायच्या न्हाईत.

गौस


मंगळवार पेठ
३ मार्च

गौसचाचा,

तुम्ही येऊन गेलात त्या दिवशी आई तुमच्याशी तासभर एक शब्द बोलली नाही आणि जाताना लाडू बांधून दिले, ते तुम्हाला चमत्कारिक वाटलं असेल. तुम्ही गेल्यावर मी तिला विचारलं. "बहिऱ्याला बोलून काय उपयोग? म्हणून लाडू दिले," म्हणाली. त्यातून काय समजायचं ते समजा.

दुसरा खेटा एसटीनं झाला. काल तिसरा, आबांच्या गाडीतून.

जाताना काही विशेष नाही. चढाला गाडीनं तक्रार केली नाही. वर्षाराणीनं साडीवर बूट घातले होते, आई तेवढ्यावरून तिला केर्ली गाव येईपर्यंत बोलत होती. दर्शन झालं. गुलालानं सगळे एका रंगाचे झालो. आईनं पेढ्यांचा पुडा घेतला, पिशवीत ठेवला आणि पिशवी मागच्या सीटपुढं खाली ठेवली. मी तिच्याशेजारी मागं बसलो. आबांच्या गाडीत मागं बसायची माझी ही पहिली वेळ. मागून गाडी फार मोठी दिसते.

उतार लागला. वर्षाराणीनं दुसरा गिअर टाकला, इंजिन घुमायला लागलं. चावी बंद कर म्हणायला माझं तोंड दोनदा उघडलं आणि दोनदा मी ते मिटलं. आरशातून ती माझ्याकडं बघत होती.

रस्त्यावर माणसंच माणसं. तिसऱ्या वळणावर बायकांचा एक जथा एकदम आडवा आला, डोक्यावर पाट्या, हातात पोरं. मला वाटलं आता झालं. वर्षाराणीनं पाय नुसता टेकवला. गाडी उभी राहिली. कुणाला हिसका नाही, काही नाही. एका म्हातारीनं जाता जाता बॉनेटवर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी, आणि पलीकडं गेली.

गाडी परत चालू लागली. आई म्हणाली, "सयाजी, पाय उचल."

"काय?"

"पाय उचल की. पिशवी हाय खाली."

वाकून बघितलं. माझा उजवा पाय तिच्या पिशवीवर होता. नुसता ठेवलेला नव्हता, रोवलेला होता. डोंगरावरच्या कमानीपासून प्रत्येक वळणाला मी त्या पिशवीवर ब्रेक दाबत आलो होतो आणि मला कळलं नव्हतं. हातानंच गुडघा धरून पाय बाजूला घेतला.

आईनं पुडा बाहेर काढला. सगळे पेढे मिळून एकच चपटी पोळी झाली होती, वर माझ्या बुटाच्या टाचेचा ठसा. ती बघत बसली. मला वाटलं रडते की काय, तर ती हसत होती, आवाज न करता, पदर हलत होता. पुढं वर्षाराणी विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि आम्हाला दोघांनाही सांगता येईना.

मग आईनं कडेचा चिमूटभर पेढा तोडला. "तुला साखर हाय, तुला एवढाच," म्हणाली आणि माझ्या तोंडात घातला.

उरलेल्याचे तुकडे करून मुनव्वरबरोबर पाठवतोय. टाच लागलेला आम्ही ठेवलाय, तुम्हाला चांगल्या बाजूचा दिलाय. आज तुमचा दुसरा रोजा असेल. सोडताना खा.

सयाजी